पाहुणा म्हणून आलेला मालक

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमची सर्वसाधारण देखभाल थांबवली आणि कालपर्यंत बिनबोभाट चालणारे असंख्य संगणक एका रात्रीत भंगारात गणले जाऊ लागले. त्यांच्यात बिघाड काहीच झालेला नव्हता. विंडोज ११ बसवायची तर टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप हवी आणि प्रोसेसर ठराविक पिढीच्या पुढचा हवा, ही अट कंपनीने २०२१ मध्येच घातली होती. त्या अटीत न बसणाऱ्या यंत्रांचे आयुष्य त्यांच्या झिजेने ठरले नाही, कंपनीच्या वेळापत्रकाने ठरले. ज्या संस्थांना जुनी सिस्टिम सुरक्षित ठेवायची असेल त्यांच्यासाठी दर यंत्रामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट आणि तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट असा चढता दर जाहीर झाला. घरगुती ग्राहकांना एक वर्षाची वाढीव मुदत मिळाली. युरोपातील ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर ती तेथे विनाशुल्क करण्यात आली, इतरत्र मात्र पैसे भरा किंवा आपली मांडणी कंपनीच्या साठ्यात नेऊन ठेवा असे पर्याय पुढे आले. संघटितांना सवलत आणि असंघटितांना दरपत्रक, हा बाजाराचा जुना रिवाज येथेही निष्ठेने पाळला गेला.

या पेचातून सुटण्यासाठी पतसंस्था, ग्रंथालये, शाळा आणि कामगार संघटनांची कार्यालये यांना एक सल्ला दिला जातो. संगणकावर लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम बसवा. हिशेबाचे, छपाईचे किंवा करभरणीचे जे प्रोग्रॅम केवळ विंडोजवर चालतात त्यांच्यासाठी लिनक्सच्या पोटात एक आभासी यंत्र, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, उभे करा आणि त्यात विंडोज चालवा. मुक्ततेचे समाधानही मिळेल आणि कामही अडणार नाही. सल्ला देणारे बहुधा सद्‌हेतूचे असतात आणि तंत्राच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बिनचूक असते. आक्षेप आहे तो त्यावर उभारलेल्या निष्कर्षाला. 'आता प्रश्न सुटला' असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा दोन्ही डगरींवर हात ठेवण्याच्या सोयीला स्वातंत्र्याचे नाव दिले जाते, आणि हा बुद्धिभेद चळवळीतील कार्यकर्त्यांनी वेळीच ओळखला पाहिजे.

आभासी यंत्राची कल्पना मुळात मोठी उदात्त होती. १९६० च्या दशकात एक संगणक म्हणजे एका इमारतीची किंमत. आयबीएमच्या केंब्रिज येथील संशोधन केंद्राने त्या एका महाग यंत्रावर अनेकांना एकाच वेळी काम करता यावे आणि प्रत्येकाला मात्र स्वतंत्र यंत्र हाती असल्यासारखे वाटावे अशी युक्ती काढली. १९७२ मध्ये ती व्हीएम/३७० या नावाने बाजारात आली. दुर्मीळ साधन अनेकांत वाटून घेण्याची ही व्यवस्था होती. कोणत्या रचनेच्या यंत्रावर असा आभास कार्यक्षमतेने उभा करता येईल याची शास्त्रीय कसोटी पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडली. घरोघरी पोचलेले इंटेल घराण्याचे प्रोसेसर या कसोटीला उतरत नव्हते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधनातून पुढे आलेल्या मंडळींनी १९९८ मध्ये व्हीएमवेअर कंपनी काढली आणि १९९९ मध्ये तिचे वर्कस्टेशन हे सॉफ्टवेअर आले. अडचणीच्या आज्ञा वाटेतच पकडून त्यांचे रूपांतर करायचे आणि आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला आपण खऱ्या यंत्रावरच चाललो आहोत अशा भ्रमात ठेवायचे, असे हे कौशल्य होते. २००५-०६ मध्ये इंटेल व एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच ती सोय केली. २००७ च्या आरंभी केव्हीएम हा भाग लिनक्सच्या गाभ्यातच दाखल झाला आणि जे विकत घ्यावे लागत होते ते सार्वजनिक मालकीचे झाले.

या तंत्राच्या परिभाषेत बाहेरच्या सिस्टिमला यजमान म्हणतात आणि आतल्या सिस्टिमला पाहुणा. शब्द मोठे लाघवी आहेत. परंतु पाहुणा घरभाडे घेत नाही. येथे लिनक्स यजमान आणि विंडोज पाहुणी, पण पैसे द्यायचे ते पाहुणीला! आभासी यंत्रात विंडोज बसवायची तर तिचा रीतसर परवाना लागतोच. संगणकाबरोबर जो परवाना विकत मिळाला तो सामान्यतः त्या खऱ्या यंत्राशी बांधलेला असतो; त्याच यंत्राच्या पोटातील आभासी यंत्र हे कंपनीच्या लेखी दुसरे यंत्र ठरते. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आली तेव्हा तिच्या स्वस्त घरगुती आवृत्त्या आभासी यंत्रात चालवण्यास परवान्यातच मनाई होती. महागड्या आवृत्त्यांना ती नव्हती. तांत्रिक अडचण असती तर ती दोन्हींना असती. सुमारे वर्षभराने, जानेवारी २००८ मध्ये, कंपनीने ही मनाई उठवली. ज्या अटी कंपनी एका ओळीने घालते आणि एका ओळीने काढते त्यांच्यावर ज्याचे दैनंदिन काम अवलंबून आहे, त्याला स्वतंत्र म्हणणे हे शब्दांशी खेळणे झाले.

ज्यांना कूळकायद्याचा इतिहास ठाऊक आहे त्यांना हे चित्र अनोळखी वाटू नये. मुंबई राज्याचा १९४८ चा कायदा कुळाला संरक्षण देत होता. तरीही ठिकठिकाणी कुळांनी 'राजीखुशीने' जमिनी सोडल्याचे राजीनामे लिहून दिले. वि. म. दांडेकर आणि खुदनपूर यांनी गोखले संस्थेतर्फे १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीने या राजीखुशीचे स्वरूप उघड केले. परवान्याची पन्नास पाने न वाचता 'मान्य आहे' या चौकटीवर टिचकी मारणारा आजचा कारकून त्याच राजीखुशीने सही करीत असतो, कारण न केल्यास त्या दिवशीचे काम थांबते. जमिनीचा खंड निदान उत्पन्न होणाऱ्या पिकातून द्यायचा असे. सॉफ्टवेअरची पुढची प्रत काढण्यास जवळजवळ शून्य खर्च येतो. तेव्हा तिच्यावर वर्षानुवर्षे वसूल होणाऱ्या रकमेचा मोठा भाग अर्थशास्त्राच्या काटेकोर अर्थाने खंडच होय.

हा खंड टिकतो कशाने? विंडोज ही फार उत्कृष्ट वस्तू आहे म्हणून नव्हे. अमेरिकेच्या सरकारने १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीविरोधी खटला भरला. न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये नोंदवलेल्या निष्कर्षांत याचे उत्तर आहे. लोक विंडोज घेतात, कारण त्यांना हवे असलेले प्रोग्रॅम तिच्यावर चालतात. आणि प्रोग्रॅम लिहिणारे विंडोजसाठीच लिहितात, कारण लोक तेथे आहेत. त्या वेळी विंडोजसाठी ७०,००० हून अधिक प्रोग्रॅम असल्याचे निकालात नमूद आहे. या चक्राला न्यायालयाने प्रवेशाचा अडसर म्हटले. पुढे अपील न्यायालयाने कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश २००१ मध्ये रद्द केला, तरी तिने मक्तेदारी बेकायदेशीर मार्गांनी टिकवली हा मूळ निष्कर्ष कायम ठेवला.

आता या अडसराच्या संदर्भात आभासी यंत्राकडे पाहावे. लिनक्सवाला आपल्या यंत्रात विंडोज चालवू लागला की हिशेबाचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने तो कोण? तो विंडोजचाच ग्राहक. तिच्या विक्रीच्या आकड्यात त्याचा लिनक्स कोठेच दिसत नाही. मग तिने लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढण्याचा खर्च का करावा? प्रत्येकाने आपापल्या अडचणीवर काढलेला शहाणपणाचा तोडगा सर्वांची मिळून अडचण पक्की करतो. व्यक्तीचा विवेक आणि समूहाचे हित यांतील ही फारकत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच शिकवतात. संगणकाच्या दुकानात ती विसरली जाते.

शिवाय हा तोडगा परवडतो कोणाला? आभासी यंत्र हवेत चालत नाही. यजमानाच्या स्मृतीतून पाहुण्याला स्वतंत्र वाटा तोडून द्यावा लागतो. विंडोज ११ किमान ४ जीबी स्मृती आणि ६४ जीबी साठा मागते. आणि ही किमान मर्यादा, सुखाने चालण्याची नव्हे. ज्या शाळेच्या संगणकात एकूण स्मृतीच ४ जीबी आहे तेथे यजमानाने काय उपाशी राहायचे? लिनक्स एकटी त्या यंत्रावर सुखाने नांदेल, पण विंडोजला कडेवर घेऊन नाही. म्हणजे ज्या जुन्या यंत्रांना वाचवण्यासाठी हा सल्ला सांगितला जातो, नेमकी तीच यंत्रे तो पेलू शकत नाहीत. सोळा जीबीच्या नव्या यंत्राचा धनी दोन्ही सिस्टिमचे सुख भोगतो. यातली एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. ज्या टीपीएम चिपच्या अभावी खरा संगणक अपात्र ठरतो, ती चिप व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरच्या २०२२ मधील ७.० आवृत्तीपासून निव्वळ आज्ञावलीने उभी करता येते आणि विंडोज ११ ती निमूटपणे खरी मानते.

खुद्द हा पूलही कोणाच्या मालकीचा आहे ते पाहावे. व्हर्च्युअलबॉक्स एका जर्मन कंपनीने बनवले व २००७ मध्ये त्याची मुक्त आवृत्ती काढली; ती कंपनी २००८ मध्ये सन कंपनीने घेतली आणि सनला २०१० मध्ये ओरॅकलने गिळले. मूळ भाग मुक्त राहिला, पण काही सोयींची जोड-पुडी वेगळ्या परवान्याखाली असून व्यावसायिक वापरासाठी ती विकत घ्यावी लागते. व्हीएमवेअरची कथा अधिक बोलकी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी ताब्यात घेतली आणि डिसेंबरातच कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करून सर्वांना वर्गणीच्या रांगेत उभे केले. एकदा पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर हक्क सांगण्याचे दिवस संपले. आता टोलनाक्याप्रमाणे मुदतीगणिक पावती फाडायची. पुढे २०२४ मध्ये त्याच मालकाने वर्कस्टेशन प्रथम वैयक्तिक वापरासाठी आणि नंतर सर्वांसाठी फुकट केले. फुकट आणि मुक्त हे दोन शब्द मराठीत सुदैवाने वेगळे आहेत. जे एका मालकाच्या मर्जीने फुकट झाले ते त्याच्या मर्जीने पुन्हा विकाऊ होऊ शकते. केव्हीएम आणि क्यूईएमयू यांच्याबाबत तसा अधिकार कोणाकडेच नाही. आभासी यंत्र अपरिहार्यच असेल तर ते यांच्यावर उभारावे, एवढा विवेक तरी बाळगता येतो.

येथवरच्या विवेचनावरून विंडोजला स्पर्शही करू नये असा सोवळा पंथ काढायचा असेल तर तोही तितकाच चुकीचा ठरेल. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत अशी शुद्धिवादी मंडळी आहेत. पतसंस्थेतील जी कर्मचारी महिला वीस वर्षे एकाच हिशेबाच्या प्रोग्रॅमवर खतावणी करीत आली तिचे ते कौशल्य हीच तिची पुंजी आहे. ते एका ठरावाने शून्य करून 'आता नवे शिका' म्हणणारा कार्यकर्ता बदलाचा सर्व खर्च तिच्या माथी मारतो आणि त्याला तत्त्वनिष्ठा म्हणतो. आभासी यंत्र तिला उसंत मिळवून देत असेल तर ते जरूर वापरावे. प्रश्न उसंतीचा उपयोग काय करायचा हा आहे.

मराठी छपाईच्या क्षेत्रात तर या उसंतीची निकड फार मोठी आहे. १९९० च्या दशकात मराठी मुद्रणालये विंडोजवर आली ती पेजमेकर आणि खासगी फाँटांच्या आधारे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ मध्येच स्थान मिळाले होते. तरीही प्रत्येक फाँटकंपनीने अक्षरे आपापल्या मांडणीने इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवली. तो फाँट नसेल तर 'समाजवाद' हा शब्द पडद्यावर रोमन चिन्हांचा उकिरडा म्हणून उमटतो. त्यातच अनेक पॅकेजे हार्डवेअर लॉकवर चालणारी. ती लहानशी खुंटी संगणकाला जोडलेली नसेल तर विकत घेतलेली अक्षरेही उमटत नाहीत. पेजमेकरची ७.० ही अखेरची मोठी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि पुढे त्याचा विकास थांबला. परिणामी कित्येक नियतकालिके, संस्थांचे अहवाल, पुस्तकांच्या मूळ प्रती अशा फायलींत अडकून पडल्या आहेत की त्या उघडण्यास जुनी विंडोज, जुना पेजमेकर, जुना फाँट आणि जुनी खुंटी अशी चौकडी एकत्र यावी लागते. तसा जिवंत संगणक दर वर्षी दुर्मीळ होत चालला आहे.

आभासी यंत्राचे खरे सार्थक येथे आहे. लिनक्सवर जुन्या विंडोजचे आभासी यंत्र उभारावे, त्याची इंटरनेट जोडणी तोडून टाकावी, यूएसबीची खुंटी असेल तर ती आत पोचवावी (प्रिंटरच्या जुन्या पोर्टवर बसणारी खुंटी असेल तर मात्र काम कठीण), एकेक फाईल उघडून मजकूर बाहेर काढावा आणि युनिकोडमध्ये रूपांतरित करून तपासावा. हे रूपांतर यंत्र करते, पण जोडाक्षरे आणि रफार माणसाच्या डोळ्यांखालून जावेच लागतात. सारी आभासी डिस्क ही अखेर एक फाईलच असते; तिची प्रत काढून ठेवली की मूळ संगणक बंद पडला तरी काम बुडत नाही. या कामाला शेवट आहे, आणि हाच येथला महत्त्वाचा भेद. फायली संपल्या की यंत्र मिटवता येते.

याउलट जेथे शेवट दिसत नाही ते क्षेत्र सरकारी आहे. केंद्र सरकारने २०१५ च्या मार्चमध्ये शासकीय कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. सी-डॅक या सरकारी संस्थेने बॉस ही भारतीय लिनक्स त्यापूर्वीच, २००७ च्या सुमारास, काढली होती. आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा विवरणपत्रे तयार करण्यासाठी याच सरकारने दिलेले ऑफलाइन साधन विंडोजसाठी बनवलेले होते! कर भरणे हे नागरिकाचे कायदेशीर कर्तव्य. ते पार पाडण्याच्या सरकारी साधनासाठी एका परदेशी कंपनीची वस्तू घरात असावी लागणे म्हणजे सरकारने त्या कंपनीला दिलेली अप्रत्यक्ष जकातच नव्हे काय? लिनक्स वापरणाऱ्या व्यापाऱ्याला 'आभासी यंत्र घाला' म्हणून सांगणे सोपे आहे. सरकारला 'तुमचे साधन सर्व सिस्टिमवर चालवा' म्हणून सांगणे हे राजकीय काम आहे, आणि तेच टाळले जाते.

म्युनिक शहराचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. तेथील नगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे वळण्याचा निर्णय घेतला तेव्हा मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर यांनी आपली सुट्टी मोडून महापौरांची भेट घेतली होती. तरीही निर्णय टिकला आणि २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक नव्या व्यवस्थेत आले. पण विशिष्ट कामांचे कित्येक प्रोग्रॅम विंडोजवरच राहिले, दोन व्यवस्था शेजारीशेजारी चालू राहिल्या, आणि त्यांच्या ताळमेळातील प्रत्येक कुरकुरीचे खापर लिनक्सवर फुटले. नेतृत्व बदलल्यावर २०१७ मध्ये नगरसभेने माघारीचा ठराव केला; त्याआधी वर्षभर कंपनीने आपले जर्मन मुख्यालय त्याच शहरात आणले होते. मागे उरलेली पाहुण्याची खोली हेच परतीचे दार ठरले.

केरळने दुसरा मार्ग धरला. तेथील शालेय संगणक शिक्षण या शतकाच्या आरंभी विंडोजच्या वळणावर जात असताना शिक्षक संघटनांनी त्याला हरकत घेतली. पुढे राज्याने केवळ सिस्टिम बदलली नाही, पाठ्यपुस्तकेच मुक्त सॉफ्टवेअरवर लिहिली, शिक्षकांना त्याचे प्रशिक्षण दिले आणि शालान्त परीक्षेतील संगणकाचा विषयही त्यावरच बेतला. मुलाला चित्र जिम्पमध्ये काढायचे आहे आणि निबंध लिबरऑफिसमध्ये लिहायचा आहे असे ठरल्यावर विंडोजचे आभासी यंत्र कशासाठी लागणार? गरजच काढून घेतली की अडसर आपोआप ढासळतो. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्यानेही २०२४ मध्ये सुमारे ३०,००० शासकीय संगणकांबाबत निर्णय घेताना प्रथम हात घातला तो दस्तऐवजांच्या सॉफ्टवेअरला. लिनक्स त्याच्या मागून.

परावलंबनाची किंमत केवळ पैशात मोजणाऱ्यांनी जुलै २०२५ ची घटना आठवावी. मुंबईत मुख्यालय असलेल्या आणि वाडिनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायारा एनर्जी कंपनीत रशियन भांडवल आहे. युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले. भारताने घातले नव्हते, संयुक्त राष्ट्रांनी घातले नव्हते. तरीही मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा अचानक बंद केल्या आणि कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. तो प्रसंग ईमेलसारख्या दूरस्थ सेवांचा होता, टेबलावरील विंडोजचा नव्हता, हे खरे. परंतु आजची विंडोज घरगुती आवृत्ती बसवतानाच इंटरनेट आणि कंपनीचे खाते मागते. टेबल आणि दूरचे कार्यालय यांतील भिंत दर आवृत्तीगणिक पातळ होत आहे, आणि लिनक्सच्या पोटात बसवल्याने ती जाड होत नाही.

म्हणून ज्या संस्थांनी आभासी यंत्र बसवले आहे वा बसवायचे ठरवले आहे त्यांनी कार्यकारिणीच्या इतिवृत्तात तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: हे यंत्र कोणत्या एका प्रोग्रॅमसाठी आहे, त्या प्रोग्रॅमला पर्याय शोधण्याची जबाबदारी कोणावर आहे, आणि कोणत्या तारखेला ते मिटवायचे आहे. तारीख उलटली तर कारण लिहून नवी तारीख घालावी. हिशेबाचे सॉफ्टवेअर घेताना माहिती खुल्या स्वरूपात बाहेर काढता येते की नाही हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. वाइन नावाचे सॉफ्टवेअर १९९३ पासून विंडोजविनाच विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवण्याचा खटाटोप करीत आले आहे. सर्व प्रोग्रॅम त्यावर चालत नाहीत, पण जो चालतो त्यापुरता परवान्याचा खर्च वाचतो, तेव्हा आभासी यंत्रापूर्वी ते आजमावून पाहावे. आणि करभरणीच्या साधनांबाबत व्यापारी, करसल्लागार आणि कामगार संघटना यांनी मिळून संबंधित मंत्रालयाकडे २०१५ च्या धोरणाचा दाखला देऊन निवेदन द्यावे. युरोपातील ग्राहकांना जी सवलत मिळाली ती तंत्रज्ञांनी मिळवून दिली नव्हती.